साहेब, घरून केलं तर चालेल का?

माणसाने आयुष्यात काही गोष्टी मागू नयेत. शेजाऱ्याकडे शिडी मागू नये, मित्राला वाचायला दिलेलं पुस्तक परत मागू नये, आणि साहेबाकडे महिनाअखेरीला काहीही मागू नये. फोर्टातल्या एका कचेरीत चौतीस वर्षं खर्डेघाशी करून मी एवढंच शहाणपण गाठीला बांधलं. निवृत्त झाल्यावर ते कुणाला तरी द्यावं अशी फार इच्छा होती, पण घेणारं कोणी भेटेना. मुलाला देऊ केलं तर तो म्हणाला, “बाबा, आता काळ बदललाय.” काळ बदलला म्हणजे साहेब बदलले असं मुलांना वाटतं. असो.

तर गेल्या महिन्यात एका रात्री सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली.

“बाबा, तुम्ही जन्मभर अर्ज लिहिलेत. मला एक मसुदा करून द्या ना. इंग्रजी मी करीन.”

तिची कंपनी पवईला आहे. आम्ही डोंबिवलीला. आठवड्यातले तीन दिवस तिने कचेरीत जायचं आणि दोन दिवस घरून काम करायचं, असा तिथला नियम. तिला घरचे दोनाचे तीन करून हवे होते. एका दिवसाचा प्रश्न. पण नोकरीत एक दिवस म्हणजे काय, हे ज्याने एका लेट मार्कापायी अर्धी किरकोळ रजा गमावली आहे, त्यालाच विचारावं.

“कारण काय लिहायचं?” मी विचारलं.

“छकुली,” ती म्हणाली. छकुली म्हणजे आमची नात, वय वर्षं दीड.

“हे मात्र लिहू नकोस हं!” स्वयंपाकघरातून आमची ही आणि आतल्या खोलीतून चिरंजीव एकाच वेळी ओरडले. त्या दोघांचं एकमत मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होतो. “मुलाचं कारण दिलंस की बढती विसर,” चिरंजीवांनी खुलासा केला. “काम जास्त होतं असं लिही.”

मी चष्मा पुसला. कचेरीत कुठलाही कागद पुढे सरकायचा तर आधी ‘प्रिसिडंट’ लागतो, म्हणजे पूर्वी कुणाला असं काही मंजूर झाल्याचा दाखला. तो असला की साहेब डोळे मिटून सही करतो. नसला की साक्षात ब्रह्मदेवाचा अर्जही ‘चर्चा करा’ असा शेरा मारून परत येतो. निवृत्तीनंतर वाचनालयात इतिहासाचं कपाट तेवढं माझ्या वाट्याला आलं आहे, कारण कादंबऱ्या कायम बाहेर गेलेल्या असतात. मी म्हटलं, दाखला शोधू या. आणि तुम्हाला सांगतो, असा दाखला मिळाला की मी वाचनालयातच मांडीवर थाप मारली आणि ग्रंथपालांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

सर जॉन लॉरेन्स. हुद्दा, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. रुजू झाल्याची तारीख, जानेवारी १८६४. कामाचं ठिकाण, कलकत्ता. उमेदीची सारी वर्षं या गृहस्थाने उत्तरेत, पंजाबात काढलेली. प्रकृती तोळामासा, आणि कलकत्त्याचा उन्हाळा तर बंगाल्यालाही सोसत नाही. तेव्हा त्याने लंडनच्या आपल्या साहेबाकडे, म्हणजे भारतमंत्री सर चार्ल्स वुड याच्याकडे, उन्हाळ्यापुरतं सिमल्याहून काम करण्याबद्दल लिहिलं.

त्याच्या पत्रव्यवहारातले मुद्दे मी वहीत उतरून घेतले. एक, गेल्या वीस वर्षांत सरकारचं काम तिप्पट, कदाचित चौपट वाढलं आहे. दोन, कलकत्त्याच्या उकाड्यात ते फार तर निम्म्या वेगाने होईल. तीन, सिमल्याला असलं की एक पाय पंजाबात आणि दुसरा वायव्य प्रांतात राहतो. आणि चौथा मुद्दा तर हातखंडाच : कलकत्त्यात पाच दिवसांत होणार नाही इतकं काम आम्ही इथे एका दिवसात करू!

एकास पाच! माझ्या चौतीस वर्षांत एवढा बिनधास्त हिशेब कुणी साहेबापुढे ठेवलेला मी पाहिला नाही. आमच्याकडे कुणी असं म्हटलं असतं, तर साहेबाने शांतपणे विचारलं असतं, “मग उरलेले चार दिवस तुम्ही काय करणार?”

वुडसाहेबाने मान्यता दिली. सिमला कलकत्त्याहून जवळजवळ १२०० मैल. त्याआधीही गव्हर्नर जनरल तिथे अधूनमधून जात; १८२७ साली लॉर्ड ॲमहर्स्ट उन्हाळा काढून आला होता. पण ती वैयक्तिक हौस. लॉरेन्सपासून दरवर्षीची वहिवाट पडली. उन्हाळ्याची चाहूल लागली की हिंदुस्थान सरकार बिऱ्हाड बांधायचं आणि थंडी पडली की खाली उतरायचं. वर्षातले सहा-सात महिने पंचमांश मनुष्यजातीचा कारभार देवदारांच्या सावलीतून चालायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत हे चाललं. मधे १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं ठरलं, पण सिमला काही सुटला नाही. कलकत्त्याचे व्यापारी आणि वर्तमानपत्रं कुरकुरत राहिली. पुढे १९२१ साली गांधीजींनी सिमल्याच्या सरकारची तुलना पाचशेव्या मजल्यावरून चालणाऱ्या दुकानाशी केली. गिऱ्हाईक खाली उभं, आणि शेटजी ढगांत!

हे सारं जमलं ते तारेमुळे. १८५४ च्या सुमाराला कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडली गेली होती. आजच्या मुलांचं ते वायफाय असतं ना, त्याचा हा खापरपणजोबा. तार पोहोचली की साहेब कुठेही बसू शकतो, हे इंग्रजांना तेव्हाच समजलं होतं. कारकून कुठेही बसू शकतो हे समजायला मात्र आणखी दीडशे वर्षं आणि एक महामारी लागली.

आमचे मुंबई सरकारही या बाबतीत मागे नव्हते. गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहमहाराजांशी तह करून खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर मिळवलं. तिथल्या पेठेला अजून माल्कम पेठ म्हणतात. पुढे शिरस्ता असा पडला की उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्याला आणि हिवाळा तेवढा मुंबईला. पावसाळ्यासाठी गणेशखिंडीत गव्हर्नरांचा वाडा बांधायला घेतला तोही १८६४ मध्येच. तो आता पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. म्हणजे एका साहेबाने पावसात घरून काम करायचं ठरवलं म्हणून पुढे हजारो मुलांची पदवीची सोय झाली. घरून काम केल्याने देशाचं नुकसान होतं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इथपर्यंत आलो आणि खूष होऊन सूनबाईला म्हटलं, “झालं तुझं काम! व्हाइसरॉयचा दाखला आहे.”

तिने वही वाचली आणि विचारलं, “बाबा, त्याच्या फायली डोंगरावर कोण नेत होतं?”

नव्या पिढीचा हा एक दोष. आपण दाखला द्यावा, तर त्या दाखल्याच्या पोटात बोट घालतात. मी पुन्हा कपाट उघडलं. काल्क्याहून सिमल्याची रेल्वे झाली १९०३ साली. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं ते दप्तर बैलगाड्यांतून, टांग्यांतून आणि हमालांच्या पाठीवरून चढत होतं. आणि दप्तरामागून कारकून. लाटसाहेबाला थंड हवा हवी, म्हणून कलकत्त्याच्या कारकुनाने आपलं चालतं घर सोडून बाराशे मैल जायचं आणि डोंगरातल्या भाड्याच्या खोलीत सहा-सात महिने कुडकुडायचं. साहेबाचं ते घरून काम, कारकुनाचं ते घर सोडून काम! त्याच्याकडून कुणी अर्ज मागवला नव्हता, की त्याच्या पाचपट कामाचा हिशेब कुणी लंडनला कळवला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वरचा माणूस लांबून काम करतो तेव्हा त्याला राज्यकारभार म्हणतात, आणि खालच्याने तेच मागितलं की त्याला म्हणतात चुकारपणा. नाही तर बघा, जेम्स मिल नावाच्या विद्वानाने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला, तो प्रसिद्ध झाला १८१७ च्या अखेरीस. गृहस्थाने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. उलट, न पाहिल्यामुळेच आपण नि:पक्षपातीपणे लिहू शकतो, असा युक्तिवाद त्याने प्रस्तावनेत केला आहे. पुढे त्याला कंपनी सरकारच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरी लागली आणि तिथे बसून हिंदुस्थानला पाठवायच्या हुकुमांचे खलिते तो लिहू लागला. चिरंजीव जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये त्याच कचेरीत चिकटले ते १८५८ पर्यंत. पस्तीस वर्षं हिंदुस्थानचं काम, पण हिंदुस्थानात एक दिवस हजेरी नाही! याला लांबून काम नाही म्हणायचं तर कशाला?

खालच्यांना मात्र हजेरी हवी. म्हणजे काम हवंच असं नाही, माणूस दिसला पाहिजे. आमच्या कचेरीत खुर्चीला छत्री अडकवून मॅटिनी पाहून येणारे महाभाग होते. छत्री दिसली की माणूस ‘इथेच कुठेतरी’ असे. भर वैशाखात छत्री का, हा प्रश्न कुठल्याही साहेबाला पडला नाही.

१९७३ साली अमेरिकेत जॅक निलेस नावाच्या इंजिनिअराने या रोगावर औषध सुचवलं. लॉस एंजेलिसच्या रहदारीत सगळे तासन्‌तास अडकतात. मग माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे न्यावं की! ‘टेलिकम्यूटिंग’ हा शब्द त्याचाच. एका विमा कंपनीत त्याने प्रयोग केला, तो यशस्वीही झाला, आणि कंपनीने तो पुढे चालवला नाही! पुढे आय. बी. एम. कंपनीने १९७९ मध्ये पाच जणांच्या घरी यंत्रं बसवली, वाढवत वाढवत हजारो माणसं घरी बसवली, आणि २०१७ मध्ये बऱ्याच जणांना सांगितलं, परत या. याहूने तर २०१३ मध्येच बोलावणं धाडलं होतं. साहेबाची दृष्टी लांब असते म्हणतात, पण माणूस जवळ दिसला नाही की तिला अंधारी येते.

पण या साऱ्या शोधात मला भेटलेलं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे एक बाई. स्टेफनी शर्ली. ज्यू वडिलांची मुलगी, नाझींच्या तावडीतून सुटून १९३९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, आगगाडीने इंग्लंडला आलेली निर्वासित पोर. तिने १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर स्वतःच्या घरात संगणकाच्या प्रोग्रॅमची कंपनी काढली. लग्न झालं किंवा मूल झालं म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या हुशार बायका तिने गोळा केल्या, आणि त्या आपापल्या घरी बसून कागद-पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहू लागल्या. पहिल्या ३०० माणसांत पुरुष फक्त तीन. ‘काँकॉर्ड’ विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं काम या घरबसल्या बायकांनी केलेलं आहे. पुढे १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभाव करू नये असा कायदा तिथे आला, आणि या बायकांच्या कंपनीला पुरुष भरती करणं भाग पडलं!

सुरुवातीला या बाईंच्या पत्रांना कुणी उत्तरच देत नसे. मग नवऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करायला सुरुवात केली आणि उत्तरं येऊ लागली. एवढ्यावरही भागत नव्हतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की घरातलं तान्हं मूल ऐकू जाऊ नये म्हणून त्या टेपरेकॉर्डरवर टाइपरायटरचा खडखडाट लावत. पलीकडच्याला वाटावं, केवढी मोठी कचेरी आहे!

हे मी रात्री जेवताना सांगितलं. सगळे हसले. सूनबाई हसली नाही. कारण आमच्याकडेही तेच चालतं. तिची मीटिंग सुरू झाली की घरात संचारबंदी. छकुलीने भोकाड पसरलं की ही तिला उचलून गॅलरीत पळते, मी दार लोटून घेतो, आणि आई हाकेच्या अंतरावर असताना पोरीला कावळे दाखवत बसतो. टाइपरायटरची टेप तेवढी आमच्याकडे नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी घरातही फारशी काढत नाही. १९८३ साली माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. माझं काम तेव्हा बिलांचे तक्ते जुळवायचं. त्याला लागायचं काय? एक टेबल, एक पेन्सिल आणि खोडरबर. मी साहेबांना विचारलं, पंधरा दिवस तक्ते घरी नेऊ का? रोजचं काम रोज करीन, एक दिवसाआड आणून देईन. साहेब वाईट नव्हते हो. त्यांनी मला चहा मागवला. मग म्हणाले, “अहो, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील.”

हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. त्याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते सुचतं गाडीत बसल्यावर. उत्तर असं की सगळेच मागतील, कारण सगळ्यांच्याच घरी कुणीतरी असतं. नवव्या दिवशी संध्याकाळी वडील गेले, तेव्हा मी डोंबिवलीच्या अलीकडे सिग्नलला थांबलेल्या गाडीत उभा होतो. त्या दिवशीचे तक्ते मात्र पैन् पै जुळले होते.

असो. सांगायचा मुद्दा दाखल्याचा. तो अखेर मला सापडला, आणि तोही आपल्या पुण्याजवळच.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. सखारामबापू, नाना फडणीस वगैरे बारभाईंनी त्यांना १७७४ च्या आरंभी पुरंदर किल्ल्यावर नेलं. तिथे १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मले, आणि चाळिसाव्या दिवशी त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मग कारभार कुठून चालला? मूल पुरंदरावर, म्हणून कारभारीही पुरंदरावर! राज्याचे खलिते त्या डोंगरावर चढू लागले. कलकत्त्याच्या इंग्रजांचा वकील कर्नल अप्टन बोलणी करायला तिथेच आला, आणि मार्च १७७६ चा प्रसिद्ध तह पुरंदरचा म्हणूनच ओळखला जातो. घरात लहान मूल आहे म्हणून आख्खी कचेरी त्याच्या पाळण्याशी नेल्याचा हा दाखला! त्यासाठी ना कुणी पाचपट काम होईल म्हणून थापा मारल्या, ना टेप लावली. मूल आहे, हेच कारण; आणि ते राज्याचं कारण होतं.

“पण बाबा, तो पेशवा होता,” चिरंजीव म्हणाले.

मी छकुलीकडे पाहिलं. ती माझ्या चष्म्याच्या घरावर चमच्याने हुकूम ठोकत होती. “हिच्यापेक्षा जास्त हुकूमत त्याची काय असणार?” मी म्हटलं.

मसुदा मी पाचच ओळींचा केला. मागच्या सहा महिन्यांत कुठलं काम केव्हा पुरं केलं, त्याच्या तारखा. कुठल्या दिवशी कचेरीत असणं खरंच गरजेचं आहे, ते दिवस. आणि शेवटी, घरी दीड वर्षाची मुलगी आहे, तिच्याजवळ आणखी एक दिवस राहायचं आहे. चिरंजीवांनी ती ओळ खोडली. सूनबाईने ती पुन्हा लिहिली. हिने वाचून काहीच म्हटलं नाही, फक्त देवापाशी साखर ठेवली.

बारा दिवसांनी उत्तर आलं. बुधवार मंजूर. सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर, आणि ‘याचा दाखला इतरांनी देऊ नये’ अशा अर्थाची एक ओळ. ती ओळ वाचून मला फार बरं वाटलं. साहेब जातीवर गेला तर! आणि दाखला तर पडलाच की.

पहिल्या बुधवारी अकराला मीटिंग सुरू झाली. साडेअकराला छकुलीने आपला ठेवणीतला सूर लावला. मी सवयीने दाराकडे धावलो. सूनबाईने हात वर करून मला थांबवलं, पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. पडद्यावर क्षणभर सामसूम झाली. मग पलीकडून कुणीतरी पुरुषी आवाजात अवघडत विचारलं, “नाव काय हिचं?” आणि त्याच्या पाठीमागे, लांब कुठेतरी, आणखी एक मूल रडायला लागलं.

मी दार उघडंच ठेवलं आणि चहा टाकायला आत गेलो.